फोटोतला बंबवाला

माझं लग्न ठरलं ते एका फोटोवर. उल्हासनगरच्या स्टुडिओत काढलेला, ब्लॅक अँड व्हाइट, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. मागे पडद्यावर रंगवलेला बगीचा, आणि पुढे कंपनीच्या फायर ब्रिगेडच्या ड्रेसमध्ये ताठ उभा माणूस. डोक्यावर हेल्मेट, छातीवर पितळेची बटणं, कमरेच्या पट्ट्यात खोचलेली छोटी कुऱ्हाड. आम्ही बदलापूरजवळच्या जांभूळचे. गावात सगळे म्हणायला लागले, हिला बंबवाला नवरा मिळाला!

स्थळ आणलं होतं मुलाच्या काकांनी. ते स्वतः अंबरनाथला त्याच कंपनीत जुने फायरमन होते. बघायच्या कार्यक्रमाला मुलगा आलाच नाही. "ड्युटी सोडून येता येत नाही," म्हणत काकांनी त्याच्याऐवजी फोटोचं पाकीट आईच्या हातात दिलं. नंतर वडील अंबरनाथला जाऊन मुलाला भेटून आले. शांत आहे, व्यसन नाही, एवढं सांगितलं आणि तारीख धरली.

माझ्याजवळ फोटो होता. रुंद जबडा, हनुवटीला खळी, आणि मिशीखाली दाबून धरलेलं हसू. घरात कोणी नसलं की मी तो पेटीतून काढायचे. त्या हसण्यामागे काय असेल, याचा विचार करायचे. आता सांगायला लाज वाटते, पण मी त्याच्याशी बोलायचेसुद्धा.

लग्न विहारात झालं. पंचशील म्हणताना माझी मान खालीच होती. हार घालायची वेळ आली तेव्हा वर पाहिलं. समोर लांबट चेहऱ्याचा, उंच, घाबरलेला माणूस उभा होता. मिशी होती. खळी नव्हती.

मला वाटलं, मी चुकीच्या ठिकाणी उभी आहे. दुसरं कोणी पुढे येतंय का म्हणून मी खरंच बाजूला पाहिलं. मागून आत्यानं कोपर मारलं, "अगं, बघत काय राहिलीस? घाल की हार!"

मी घातला.

पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा आईला बाजूला घेतलं. "आई, फोटोतला माणूस हा नाही."

आईनं फोटो लांब धरून पाहिला. "हेल्मेट घातलं की माणूस वेगळाच दिसतो गं. मिशी तीच आहे ना?"

वडिलांना विचारलं, तर ते चिडले. "मी स्वतः भेटून आलोय. हाच तो मुलगा."

म्हणजे नवरा बरोबर होता. मग फोटोतला कोण? माझं डोकं चालेना. स्टुडिओवाले ब्रशनं चेहरा गोरा करतात हे ऐकलं होतं, पण खळी कशी पाडणार?

अंबरनाथ पूर्वेला आमची एक खोली होती. नवरा खरोखर शांत होता. ड्युटीवरून आला की आधी माझ्या हातातली बादली घ्यायचा, मग बूट काढायचा. तो जेवायला बसला की मी त्याची हनुवटी बघत बसायचे.

"काय बघतेस?"

"काही नाही."

एकदा धीर करून विचारलं, "तुम्ही उल्हासनगरला ड्रेसमध्ये फोटो काढला होता का?"

"हो. काकांनीच काढायला लावला. का गं?"

मी पुन्हा "काही नाही" म्हटलं. फोटो माझ्या साड्यांच्या खाली होता. दाखवावा तर तो म्हणेल, इतके दिवस परक्या माणसाचा फोटो का ठेवलास? फाडावा तर हात धजत नव्हता. आपल्याला फसवलंय की आपल्यालाच भ्रम झालाय, हे कळायला काही मार्ग नव्हता.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं. मग कंपनीनं फायरमन लोकांच्या घरच्यांना प्रात्यक्षिक बघायला बोलावलं. मैदानात लाकडी मचाण पेटवलं होतं. शिडीवरून एक जण पाठीवर माणूस घेऊन उतरला, त्याला खाली ठेवलं आणि हेल्मेट काढून घाम पुसला. रुंद जबडा. हनुवटीला खळी.

नवरा त्यालाच घेऊन माझ्याकडे आला. "हा माझा दोस्त. आम्ही बरोबरच भरती झालो. आपल्या लग्नाला याला सुट्टी मिळाली नव्हती, आणि नंतर आमच्या पाळ्या वेगळ्या झाल्या."

"जयभीम, वहिनी," तो म्हणाला. आवाज किनरा होता. मी मनात त्याला भारदस्त आवाज दिला होता.

त्याच्याबरोबर त्याची बायको होती, साताऱ्याकडची. ती माझ्याकडे बघतच नव्हती, माझ्या नवऱ्याकडे टक लावून बघत होती. पुरुष चहाला गेले तशी तिनं माझा हात धरला आणि मला बंबाच्या आड नेलं.

"ताई, एक बोलू? रागावू नका. तुमच्या मालकांचा फोटो माझ्याकडं हाय."

मी तिथे ठेवलेल्या पाण्याच्या पाइपच्या गुंडाळीवरच बसले. ती सांगत गेली. तिलाही लग्नाआधी फोटोच मिळाला होता, तिनंही हार घालताना इकडेतिकडे पाहिलं होतं. "मला वाटलं, मी येडी झाले. कुणाला सांगू?" आम्ही दोघी हसायला लागलो. हसता हसता ती रडायला लागली, आणि तिला गप्प करता करता मीही.

घरी आल्यावर मी फोटो नवऱ्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. त्यानं फोटो उचलून मित्राचा चेहरा पाहिला.

"म्हणजे तू हो म्हणालीस ते याला?"

"मी कुठे हो म्हणाले? मला कोणी विचारलंच नव्हतं."

"आणि आता मी विचारलं तर?"

खोटं बोलवेना आणि खरं काय ते मलाच माहीत नव्हतं. "मला थोडे दिवस द्या," एवढंच म्हटलं. पोटात मूल असलेली बाई नवऱ्याला असं म्हणते, याचं त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. त्यानं मान हलवली आणि पाणी भरायला गेला.

रविवारी आम्ही काकांना गाठलं. त्यांना आधी आठवेचना. मग म्हणाले, दोघंही ड्युटीवर होते म्हणून स्टुडिओतून दोन्ही पाकिटं मीच आणली. दोन्ही स्थळं मीच बघत होतो. न उघडताच एक पाकीट इकडे दिलं, एक तिकडे. "झाली असेल अदलाबदल. पण पोरी, बिघडलं काय? दोन्ही पोरं चांगलीच आहेत."

त्यावर भांडावं की पाया पडावं, तेही मला कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात मित्राची बायको आमच्याकडे आली आणि आम्ही फोटो बदलून घेतले. माझ्या नवऱ्याच्या फोटोत हेल्मेट कानांवर घसरलेलं होतं, आणि डोळे असे, की कॅमेऱ्यातूनच आग येणार आहे. लग्नाआधी हा हातात पडला असता तर मी पेटीतून एकदा तरी काढला असता का? माझा मलाच भरवसा नव्हता.

मुलगी झाली, नव्वदच्या दशकात आम्ही बदलापूरला राहायला गेलो. नवऱ्याच्या त्या प्रश्नाला मी उत्तर कधी दिलं, ते मला आठवत नाही. तो म्हणतो, दिलं होतंस. काय दिलं होतं, ते मात्र सांगत नाही.