सासूबाईंची ढलपी

परवा इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावात, शेजाऱ्यांनी घरामागच्या लाकडी डेकसाठी फळ्या कापल्या आणि ओल्या लाकडाच्या वासाने मला अलास्कातलं एक खेडं आठवलं. तिथे टेकडीवर, अलास्का रशियाकडे होतं त्या काळातलं, ऑर्थोडॉक्स चर्च होतं, खाचेत खाच बसवून रचलेल्या ओंडक्यांचं, वर कांद्यासारखा निळा घुमट. किल्ली घेऊन आलेली म्हातारी माहिती देत होती, पण तिची नजर माझ्या, नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या हातांवरून हलत नव्हती. "लोक भिंतीचे तुकडे काढून नेतात," ती म्हणाली. नवरा भिंतीचा सांधा बघायला वाकला की ती पुढे सरकायची. निघताना तिने माझी पर्ससुद्धा उघडायला लावली. "आपण काय चोर वाटलो तिला?" गाडीत बसल्यावर मी धुसफुसले. मागे बसलेल्या सासूबाईंनी हळूच शालीतून बोटभर काळपट ढलपी काढली. "उंबऱ्यापाशी पडली होती गं. देवाच्या घरची, म्हणून देव्हाऱ्यात ठेवणार होते." नवऱ्याने गाडी वळवली. म्हातारी अजून दारातच उभी होती. सासूबाईंनी ढलपी तिच्यापुढे धरली. तिने ती उलटसुलट करून पाहिली, मग सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. "ही जुनी नाही. नुकतीच दुरुस्ती झाली, त्यातली आहे. असू दे तुम्हाला," ती म्हणाली. परतीच्या वाटेवर सासूबाईंनी विचारलं, "खरंच नवी असेल, की माझं मन राखलं तिने?" सासूबाई आता नाहीत. देव्हारा पुसताना मी ती ढलपी उजेडात धरून बघते, आणि मलाही सांगता येत नाही.