आक्का टीव्हीवर आल्या तेव्हा

रेखाचा इचलकरंजीहून फोन आला तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते आणि समोर टीव्हीवर कुणीतरी एका प्रश्नावर डोकं खाजवत होतं. "काकी, आई गेली..." एवढंच तिला बोलता आलं. तिची आई म्हणजे माझी थोरली जाऊ, आमच्या आक्का. अलीकडे त्या लेकीकडेच राहायच्या. त्या आठवड्यात मी त्यांना भेटायला जाणार होते... तशी वर्षभर जाणारच होते.

मी लग्न होऊन मंगळवार पेठेत आले तेव्हा घरात काळा-पांढरा टीव्ही होता. शाळकरी पोरांची प्रश्नमंजूषा लागायची आणि सातवीपर्यंत शिकलेल्या आक्का भाकरी थापता थापता त्या पोरांच्या आधी उत्तर द्यायच्या. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय त्यांनी कधी टाकला नाही. पुढे रंगीत टीव्ही आला, गाण्याच्या भेंड्या आल्या, मग एका उत्तराला कोटी देणारे खेळ आले. त्यात जायला फोन लावून लावून आक्कांचं बोट दुखलं, पण लाइन काही लागली नाही. "एकदा बसवा मला त्या खुर्चीत, मग दावतो," म्हणायच्या. आम्ही हसायचो. त्यांना मात्र खरंच एकदा टीव्हीवर खेळायचं होतं.

मग घरोघरी येऊन बायकांचे खेळ घेणारा, जिंकणारीला पैठणी देणारा कार्यक्रम सुरू झाला आणि एक दिवस तो आमच्या गल्लीत, आमच्याच घरी आला. भाऊजींना, म्हणजे आक्कांच्या नवऱ्याला, जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. कार्यक्रमवाला पोरगा म्हणाला, घरातल्या सगळ्या जणी बाहेर बसा. मी आक्कांना बाजूला घेतलं. "आक्का, ओटी भरतात, कुंकू लावतात. लोक नावं ठेवतील. तुम्ही आतलं चहापाण्याचं बघा." त्यांनी पदराला हात पुसले. मग "बरं" म्हणून आत गेल्या. लोकांचं नुसतं निमित्त होतं. खरं सांगायचं तर, आक्का समोर बसल्या तर पैठणी त्याच नेणार हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ती मला हवी होती.

शेवटचा प्रश्न आला. राधानगरीचं धरण कोणत्या नदीवर? शेंबडं पोरही सांगेल. पण त्या दिव्यांच्या झोतात माझी दातखीळ बसली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून खणखणीत आवाज आला, "भोगावती!" सगळे हसले. निवेदक म्हणाला, "वा! आत कोण आहे? बोलवा त्यांना बाहेर." आणि मी... मी म्हणाले, "कुणी न्हाई ओ, शेजारीण हाय. चहा कराय आलीया."

मधे नुसता पडदा होता. आक्का बाहेर आल्या नाहीत. निवेदकाने हसत तेच उत्तर माझं धरलं आणि पैठणी मला दिली. पाहुणे गेल्यावर माझ्या हातातल्या पैठणीच्या पदरावरून बोट फिरवत म्हणाल्या, "लई भारी खेळलीस की गं." त्यांनी ते ऐकलं नसेल, गॅसवर आधण उकळत होतं, अशी मी एवढी वर्षं स्वतःची समजूत घालत आले. तीच पैठणी पुढे प्रत्येक लग्नात नेसले. माफी मागायला तोंड उघडलं नाही.

बाराव्याला रेखा म्हणाली, "आईचा आवाज कुठंच न्हाय माझ्याकडं. तुमच्या त्या कार्यक्रमात हाय न्हवं? धाडा की." ते तिला कुणी सांगितलं, हे विचारायचं मला सुचलं नाही. माझ्या मुलाने त्या कार्यक्रमाची जुनी कॅसेट मोबाइलवर घेऊन दिली होती. "भोगावती"पर्यंत ठेवून पुढचं कापावं म्हणून मी चार दिवस खटाटोप केला. कापताही आलं, पण तो तुकडा पाठवायला हात होईना. एकदा त्यांना पडद्याआड ठेवलं होतं, तेवढं पाप पुरे होतं. शेवटी सगळंच पाठवलं.

रेखाचा फोन आला. "पुढचंबी ऐकलंस का गं?" मी विचारलं.

"आईनं मला तवाच सांगितलं हुतं, काकी. म्हनली, शेजारीण म्हणून का हुईना, टीव्हीवर आलो की गं मी! लई हसत हुती... मला न्हाय हसू आलं."