सहा चेंडू कमी

ओली चादर मशीनमधून ओढताना फास्ट डावाच हात लावायची. उजवा खांद्याच्या वर जातच नव्हता, आणि त्याची मनधरणी करायचं तिने केव्हाच सोडलं होतं. हॉस्पिटलचं धुलाईघर. दिवसाला चारशे चादरी. रक्त, औषधं, उलट्या, सगळं वाफेत मिसळून एकच वास व्हायचा. तिथल्या बायका तिला फास्ट म्हणायच्या ते चेष्टेने. एकदा डबा खाताना तिने सांगून टाकलं होतं, की मी देशाकडून वनडे खेळलेय, फास्ट बोलिंग टाकायचे. हसून हसून एकीला ठसका लागला. "मग इथे काय, चादरींना आउट करतेस?" नाव तेवढं चिकटलं.

त्या दुपारी दारात कीपर आली. तिच्याच टीमची विकेटकीपर, आता कपडे शिवते, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. हातात एक कागद.

"मशीन बंद कर आणि ऐक. यादी निघतेय."

"कसली?"

"वनडेतल्या बोलरांच्या स्ट्राइक रेटची. आपली, बायकांचीसुद्धा."

स्ट्राइक रेट म्हणजे एका विकेटला किती चेंडू लागले. आकडा जेवढा कमी, तेवढी बोलर चांगली. फास्टच्या विकेटी एकतीस. पण यादीत यायचं तर निदान हजार चेंडू टाकलेले पाहिजेत, नाहीतर कोणीही एका चेंडूत एक विकेट काढून वर जाऊन बसेल. क्रिकेटच्या ऑफिसने जुने कागद धुंडाळून तिचे चेंडू मोजले होते. नऊशे चाळीस. फक्त शेवटची मॅच त्यात धरलेली नव्हती. पेपरात तिच्या विकेटी छापून आल्या होत्या, षटकं नाही.

"त्या मॅचला दहा टाकली मी," फास्ट म्हणाली. "साठ चेंडू. म्हणजे झाले की गं हजार."

"काठावर. पण झाले. पाचवा नंबर लागतो तुझा, तीनदा करून बघितलं."

फास्ट तिथेच ओल्या गाठोड्यावर बसली. पोटात गाठ होती. डॉक्टरने सहा महिने सांगितले होते, त्यातले चार सरले होते, आणि हे कीपर सोडून कोणाला माहीत नव्हतं. नवरा नाही, मूल नाही. टोप्या आणि ट्रॉफ्या भावाने घर रंगवताना भंगारात घातल्या, जागा अडते म्हणून. ती खेळली होती हे सांगायला मागे काही राहणार असेल, तर त्या यादीतली एक ओळ.

स्कोअरबुक होतं स्कोअरर दादांकडे. रविवारी दोघी तीन जिने चढून गेल्या, प्रत्येक जिन्यावर थांबत. एकीचे गुडघे, दुसरीचं पोट. दादा आता ऐंशीचे. तेव्हा बायकांच्या टीमला माणसं देतंय कोण? स्कोअर लिहायचा दादांनी, किटबॅगा उचलायच्या दादांनी, पाणी आणायचं दादांनी. पण स्कोअरबुकात एक खाडाखोड नाही, आणि त्याचा त्यांना भारी माज.

वहिनींनी पाणी दिलं. दादांनी पान काढलं, बोट फिरवलं.

"नऊ."

"दहा," फास्ट म्हणाली.

"नऊ षटकं, चार विकेट. हे बघ ना. रनांच्या सगळ्या बेरजा जुळतात."

"मग स्कोअरबुक चुकलंय."

आत वहिनी भांडी घासत होत्या. तो आवाज थांबला.

"चाळीस वर्षं लिहिलं मी," दादा म्हणाले. "एक चेंडू सुटला नाही."

"दादा, नवव्यालाच खांदा ठणकत होता. कॅप्टन म्हणाली बास. मी बॉल दिलाच नाही तिला. दहावं टाकलं, एक रन नाही गेला, आणि शेवटच्या चेंडूला इथे काहीतरी तुटलं. मग कोणीतरी बर्फ लावला. हे काय स्वप्नात बघितलं मी?"

"तीस वर्षं झाली, पोरी. डोक्यात सरमिसळ होते."

फास्ट कीपरकडे वळली. "तू स्टंपांमागे होतीस. बोल."

कीपरने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "नाही गं आठवत. आठवतं म्हणून सांगू का?"

"नको."

दादा फास्टकडे बघत होते. आत गेलेले गाल, पिवळे डोळे. "बरं नाही का हिला?"

"नाही," कीपर म्हणाली. "जास्त दिवस नाहीत."

दादांनी खिशातलं पेन काढलं. "आण इकडे. एक षटक घालतो. सहा टिंबं तर काढायची. कोण बघायला येतंय?"

"म्हणजे टाकली नऊच, पण बिचारी मरतेय म्हणून दहा?"

"तसं समज."

"तसं नको. माझ्याकडून सुटलं असं म्हणा, मग लिहा. तेवढं म्हणा फक्त."

पेन कागदावर टेकलं होतं. दादांनी ते उचललं.

"सुटलं असतं तर म्हटलं असतं," दादा म्हणाले.

"मग राहू द्या."

जिन्यात कीपर भडकली. "अक्कल गहाण टाकलीस का? म्हातारा लिहीत होता ना?"

"माझीच सहा टिंबं मला भीक म्हणून घालत होता," फास्ट म्हणाली. "चल. कठडा धर, पडशील."

ऑफिसला नऊशे चौऱ्याण्णव कळवलं गेलं. यादी लागली. ती त्यात नव्हती. सात आठवड्यांनी फास्ट त्याच हॉस्पिटलात वारली, कधीतरी तिनेच धुतली असेल अशा चादरीवर. तिला पोचवायला दादा आले होते. कोपऱ्यात उभे राहिले, कोणाशी बोलले नाहीत, निघून गेले. पुढच्या थंडीत तेही गेले.

त्यानंतर वर्षाने त्या मॅचमधल्या समोरच्या टीमचं स्कोअरबुक सापडलं, त्यांच्या स्कोअरर बाईंच्या ट्रंकेत. फास्टचं दहावं षटक त्यात आहे. सहा चेंडू, सहा टिंबं. बाजूला बारीक अक्षरात शेरा आहे: समोरचे स्कोअरर जागेवर नाहीत, बोलरच्या खांद्यासाठी बर्फ आणायला गेलेत.