मायाप्पाची सायकल आणि देवाच्या मेंढराची घंटा

जेऊरकडून उजनीच्या पाण्याकडे यायला दोन रस्ते आहेत. एक मोठा, उसाच्या ट्रॉल्यांचा. त्यावर कुणी सायकल घेऊन निघालं तर माघारी येईपर्यंत घरच्यांच्या जिवाला घोर. दुसरा आमच्या वस्तीवरून, टेकड्यांच्या कडेकडेने येतो, लहानशी खिंड चढतो आणि पलीकडे उतरून थेट पाण्यात जातो. खरंच पाण्यात. धरण व्हायच्या आधी तो पलीकडच्या गावाला जायचा. गाव बुडालं, रस्ता तेवढा राहिला. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की तो थोडा थोडा उघडा पडतो. दोन्ही बाजूंना गाळ असतो, वरून भेगाळलेला, आतून लोण्यासारखा मऊ. त्यात जनावर रुतलं की दोर लावूनही निघेलच असं नाही.

रविवारी या रस्त्यावर सोलापूरचे सायकलवाले येतात, टोप्या घालून, रोहित पक्षी बघायला. बाकीचे दिवस तो रस्ता मायाप्पा मामांचा.

मामा सांगोल्याकडचे धनगर. दरवर्षी माघात मेंढरं घेऊन येतात आणि आमच्या रानात बसवतात. मेंढरं रानात मुक्कामाला राहिली की जमिनीला खत मिळतं, त्याबदल्यात आम्ही त्यांना ज्वारी देतो. हे माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून चालत आलेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मामांच्या मिशा काळ्याभोर होत्या. पंढरपूर एका अंगाला ठेवायचं, कॅनॉलच्या भरावावरून, फडांच्या मधून, जिथे मोटारी फिरकत नाहीत अशा वाटांनी यायचं, ही त्यांची रीत. पुढे मामा, त्यांच्या मागे गळ्यात घंटा असलेलं देवाचं मेंढरू, त्याच्या मागे सगळा कळप. फुलाबाई मामी घोड्यावर संसार लादून वेगळ्या निघायच्या, मुक्कामाला आधी पोचून चूल पेटवायच्या. पुरुष मेंढरांबरोबर, बाया घोड्याबरोबर. यात कधी बदल नाही.

यंदा मात्र मामा मुलाच्या पिकअपमध्ये बसून आले. गुडघे गेले होते. कळपामागे बिरुदेव, म्हणजे त्यांचा मुलगा, भाड्याचा गडी घेऊन चालला होता, स्वतःचा धंदा बंद ठेवून. मामा गाडीतून उतरले आणि माझ्याशी न बोलता बांधावर जाऊन बसले.

"काय मामा, रामराम नाही की काही नाही?"

"पोत्यागत आणून टाकलंय ताई. पोतं रामराम घालतंय व्हय?"

बिरुदेवने त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. डॉक्टरांनी चालणं बंद केलंय. त्याला दरवर्षी असं येणं जमणार नाही. जाताना आप्पांना मेंढरं नेता आली तर ठेवायची, नाहीतर आखाडाच्या आत विकून मोकळं व्हायचं. मुलगा वाईट नाही. तो खरं तेच बोलत होता. दुसऱ्या दिवशी गड्याला मागे ठेवून तो धंद्यावर परत गेला.

मग मामांनी डॉक्टरांचंच एक वाक्य पकडलं. डॉक्टर म्हणाले होते, चालू नका, सायकल चालवली तर चालेल. बाजारच्या दिवशी मामा आमच्या ट्रॅक्टरवर बसून जेऊरला गेले आणि बंदेनवाजभाईंच्या दुकानातून एक जुनी काळी सायकल घेऊन आले.

"भाई काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हनला, चाचा, ही बी तुमच्यासारखीच हाय. करकर करती, पर बसत न्हाय."

मामी चुलीजवळून म्हणाल्या, "डॉक्टरनं सायकल व्यायामाला सांगितलीया, अवो. मेंढरं राखायला न्हाय."

"मेंढरं राखनं हाच माजा व्यायाम."

सायकल मामांना येत होती, पण मेंढरांना ती येत नव्हती. चाक फिरलं की ती बिचकायची. देवाचं मेंढरू तर चार पाय रोवून उभं राहायचं. मामा पुढे जाऊन हाका मारायचे आणि कळप जागेवर त्यांच्याकडे बघत रवंथ करायचा. एका रविवारी सायकलवाल्यांतली एक मुलगी थांबली आणि तिने विचारलं, "आजोबा, या रस्त्याला गाड्या येतात का हो?"

"येत्यात की. पर मेंढरं बघून थांबत्यात."

"आणि मेंढरं?"

"ती मला बघून थांबत्यात. तीच तर गोची हाय."

ती मुलं हसली, मामाही हसले. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं मामींनी मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी देवाच्या मेंढराच्या गळ्यातली घंटा सोडली. ते मेंढरू बिरोबाच्या नावाने सोडलेलं असतं, त्याला कापत नाहीत की विकत नाहीत. घंटेला जत्रेत भंडारा लावलेला असतो. ती मामांनी सायकलच्या हँडलला बांधली, वर चिमूटभर भंडारा लावला आणि हात जोडले.

मामी संतापल्या. "देवाच्या गळ्यातलं काडून लोखंडाला बांदलं?"

"देवानंच सुचवलं मला."

"माज्या कानात न्हाय काय बोलला त्यो."

मला स्वतःला ते बरं वाटलं नाही. पण बोलणार काय? घंटा वाजली आणि कळप सायकलीमागे चालायला लागला. चाकाकडे कुणी बघेना, सगळ्यांचे कान घंटेकडे. मामा सपाटीला सावकाश पायडल मारायचे, चढाला उतरून सायकलीच्या आधाराने हळूहळू चढायचे. रोज थोडं थोडं लांब न्यायला लागले. कधी टेकडीच्या पोटातून, कधी खिंडीच्या अलीकडच्या तळ्याच्या काठाकाठाने जुन्या मळ्यांपर्यंत. चेहरा असा उजळला की मामींनीही तोंड मिटून घेतलं. मग मामांनी बिरुदेवला फोन लावला. "बगून जा येऊन. मी मेंढरं म्होरं नेतुया."

बिरुदेव आला त्या दिवशी मामांनी पहिल्यांदाच खिंड ओलांडली.

मी पलीकडे खाली, पाणी हटल्यावर पेरलेल्या गाळपेरीच्या रानात हरभरा उपटत होते. वर खिंडीत घंटा ऐकू आली, म्हणून मान वर केली. मामा खिंडीच्या माथ्यावर होते. नेहमी चढाला सायकलवरून उतरायचे तसे या उताराला उतरले नाहीत. उतारावर पायी उतरताना गुडघे सगळ्यात जास्त दुखतात, आणि मागून मुलगा बघत होता.

सायकल सुटली. ब्रेक लागत होते, पण उतार त्याहून मोठा होता. सायकल पळायला लागली तशी घंटा जोरात वाजायला लागली. घंटा सावकाश वाजली तर चाला, जोरात वाजली तर पळा, हे त्या मेंढरांना जन्मापासून शिकवलेलं. सगळा कळप एकदम उधळला आणि मामांच्या मागे धावत निघाला. मामा जितके पुढे, तितकी घंटा जोरात, आणि घंटा जितकी जोरात, तितकी मेंढरं बेफाम. रस्ता तर सरळ पाण्यात जातो. दोन्ही बाजूंना गाळ.

मागून बिरुदेव ओरडत होता, "आप्पा, ब्रेक! ब्रेक दाबा!"

माझ्या हातातला हरभरा तसाच. महादेवाचं नाव घेत मी रस्त्याकडे पळाले.

मामांनी ब्रेक सोडला. मी डोळ्यांनी पाहिलं. ब्रेकवरचा हात काढून त्यांनी घंटा मुठीत घट्ट धरली. आवाज बंद झाला. एका हातावर सायकल कशी राहणार? ती झोकांडली आणि मामांसकट वेड्या बाभळीत घुसली.

मागे धूळ उठली आणि मेंढरं थांबली. आवाजच नाही तर पळायचं कुणामागे? पुढची दोन गाळाच्या कडेपर्यंत गेली होती, ती मान वळवून माघारी आली. आम्ही पोचलो तेव्हा कळप बाभळीभोवती उभा होता आणि एक मेंढी मामांच्या पटक्याचं टोक चघळत होती. मामा काट्यांत उताणे. गालावर रक्त, मनगट सुजलेलं. मूठ तशीच मिटलेली, हँडलवरून तुटून आलेली घंटा आत.

"आप्पा, सोडा आता," बिरुदेव म्हणाला.

"न्हाय सोडत. वाजंल."

हाड मोडलं नव्हतं, एवढी देवाची कृपा. संध्याकाळी हाताला पट्टी बांधून मामा खाटेवर बसले होते. मग म्हणाले, "इक मेंढरं, बिरू. म्होरं चालायचं माज्यानं व्हत न्हाय. आज समदी बुडाली असती."

हेच बिरुदेव म्हणत आला होता, पण बापाच्या तोंडून ऐकल्यावर त्याला हो म्हणवेना.

मामी भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "म्होरं मी चालीन."

"तू?" मामा म्हणाले. "आन् घोडं?"

"घोडं गड्याकडं द्या. घोडं त्याचं आइकतंय, मेंढरं न्हाय आइकत."

"बायकांनी कळपाच्या म्होरं कवा चाललेलं बगितलंयस?"

"आजपातूर कुनी इचारलं व्हतं का?" मामींनी भाकरी तव्यावर टाकली. "कोकरं माज्या हातचं दूध प्यालीत. मला वळखत न्हाईत व्हय? घंटा तेवडी ज्याची त्याला द्या."

मामांनी मला घंटा मागितली. मी ती पदराने पुसून आमच्या भिंतीवरच्या खुंटीला अडकवली होती. दुखऱ्या हाताने त्यांनी ती देवाच्या मेंढराच्या गळ्यात बांधली, भंडारा लावला आणि बाजूला झाले. बाजूला व्हायला त्यांना जो वेळ लागला, तो मला आजही आठवतो.

जेठात ते परत निघाले, रविवारी सकाळी. पुढे मामी, नऊवारीचा काचा घट्ट मारून, हातात मामांची काठी. मागे घंटा गळ्यात घालून देवाचं मेंढरू, सावकाश. मग कळप. घोड्याबरोबर गडी. आणि सगळ्यांच्या शेवटी मामा, सायकलवर. हँडलला घंटेऐवजी बंदेनवाजभाईंनी बसवून दिलेली बांबूची पाटी, तिच्यात चालून थकलेली दोन कोकरं. बिरुदेवनेच पाटीची कल्पना काढली होती. विकायचं काही बोलला नाही.

मी वस्तीच्या वळणापर्यंत गेले. मागून सोलापूरचे सायकलवाले आले आणि कळपामुळे अडकले. एकाने विचारलं, "आजोबा, थोडी वाट द्याल का?"

मामांनी एक पाय जमिनीला टेकवला. पुढे बघितलं. टेकडीच्या वळणावर मामींचा हिरवा पदर दिसत होता, आणि घंटा, एका लयीत.

"आमी मागली मान्सं," मामा म्हणाले. "म्होरं मालकीन हाय, तिला इचारा."