वासराची वानगी

आमच्या घरात विश्वास पानिपतातच मेला होता. राजुरीच्या पेठेत वडिलांचं धान्याचं दुकान. पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेले आम्ही जैन. बोली मराठी झाली, पण वानगी, म्हणजे मूठभर नमुना, पाहिल्याशिवाय पोतं घ्यायचं नाही, हा नेम सुटला नाही. वानगीचे दाणे वडील दाताखाली फोडून बघत आणि मगच भावाचं बोलत.

जवळच्या डिंगोरे गावात देवीची साथ आल्याचं कळलं आणि पाठोपाठ सरकारी देवी टोचणारा एक वासरू घेऊन आमच्या गावात आला. वासराच्या पोटावरचे केस भादरून तिथे मुद्दाम फोड आणलेले. त्या फोडांतली लस तो पोरांच्या दंडावर टोचत असे. मी सात-आठ वर्षांची, धाकटा भाऊ आईच्या कडेवर. वासराचं पोट बघून आईने तोंडाला पदर लावला. "मुक्या जिवाला छळून काढलेलं औषध माझ्या लेकरांना नको," म्हणाली.

वडिलांची शंका निराळी. "हा शोध लागला कुठं?"

"विलायतेत, शेठ. तिथं लई माणसं वाचली."

"तिथली गाय निराळी, माणूस निराळा. हितं काय गुण येतो ते कुणी बघितलंय? हे वासरू माझ्या गोठ्यात ठेवा. ते धड राहिलं तर पोरांचे हात पुढं करतो."

"वासरू राहील वो धड. पन देवी थांबायची न्हाई," तो म्हणाला. त्या वासराची लस संपलीच होती. ते आमच्याकडे सोडून तो पुढच्या आणे गावाकडे निघून गेला.

मला तेव्हा वडिलांचा केवढा अभिमान वाटला! आज संताप येतो. त्यांनी विचारलं ते काही वेडगळ नव्हतं, हेच जास्त दुखतं.

आईनेच वासराला कण्या भरवल्या. त्याच्या खपल्या पडल्या, नवे केस आले, ते उड्या मारू लागलं. वडील रोज त्याचं पोट चाचपत. अखेर समाधान झालं आणि त्यांनी आण्याला माणूस धाडला. टोचणारा आला, तेव्हा भाऊ तापाने फणफणला होता आणि त्याच्या कपाळावर पुरळ उठलं होतं.

"ह्याला आता टोचून उपेग न्हाई, शेठ."

वडिलांनी माझा दंड धरून पुढे केला, इतका घट्ट, की टोचल्याचं मला कळलंच नाही.

भाऊ गेला. मी त्याच्याच शेजारी निजत होते, मला काही झालं नाही. वडिलांना हवी होती ती खात्री आता माझ्या रूपाने घरभर धडधाकट हिंडत होती, आणि मी जेवायला बसले की ते ताटावरून उठून दुकानात जात.