गाडीला काय लावलं?

आमच्या वॉशिंग सेंटरवर गाडी आली की चिखल नालीतून वाहून जातो, पण तिच्याबरोबर आलेली गोष्ट काही जात नाही. ती आमच्याच डोक्यात राहते. हिंगोलीत औंढा रोडला माझं आणि सलीमभाईंचं भागीत सेंटर आहे. पाण्याचा पाइप माझ्याकडे. शाम्पू, पॉलिश, कोटिंग सलीमभाईंकडे. गाडीवर डाग किंवा चरा दिसला की त्यांचा पहिला सवाल ठरलेला. "गाडीला काय लावलं?"

आणि मग लोक सांगतात. खरं सांगतात, हीच तर मजा!

*

एक गुरुजी आले. नवीकोरी काळी गाडी, आणि बॉनेटवर गोल गोल चरे. पाखरानं घाण केली होती, ती वाळून चिकटलेली. गुरुजींनी भांडी घासायची साबणवडी घेतली, तारेची घासणी घेतली आणि कढई घासावी तशी बॉनेट घासली.

सलीमभाई कळवळले. "गुरुजी, ओला कपडा घडीभर ठेवला असता तर आपोआप सुटलं असतं. तारेची घासणी काहून घेतली?"

गुरुजींना वाटलं, आपल्या स्वच्छतेवरच शंका घेतली.

"अहो, घासणी एकदम नवी होती! आज सकाळीच पुडीतून काढली."

*

आमच्याकडं हळदीचा बाजार मोठा. त्यामुळं पिवळी सीट घेऊन येणारे कमी नाहीत. पण एक व्यापारी लाल सीट घेऊन आले. मागची अख्खी सीट लालभडक!

झालं असं, की गाडीत हळदीचं पोतं फुटलं. शेटनी घरी धुण्याच्या सोड्याचं घट्ट पाणी केलं आणि सीटवर ओतलं. सोडा लागला की हळद लाल होते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. गल्लीतले लोक काचेतून डोकावून विचारायला लागले, "शेट, कुणाला लागलं हो?" वहिनी तर गाडीत बसायलाच तयार नाहीत.

सलीमभाईंनी साध्या पाण्यानं सोडा पुरता काढला, थोडं व्हिनेगर फिरवलं. सीट हळूहळू परत पिवळी झाली. आता पिवळा काढायचा म्हणून त्यांनी दुसरी बाटली उघडली, तर शेटनी त्यांचा हातच धरला.

"बस्स, भाई! पिवळी हाय तेच बराबर हाय. आता काहीच लावू नका!"

*

गजानन औंढ्याकडं जीप चालवतो, पॅसेंजरची. गाडी चकाचक ठेवायचा त्याला भारी नाद. त्यानं बाजारातून टायरला चमक आणायचं पॉलिश आणलं. टायर झाले. बाटलीत उरलं, म्हणून डॅशबोर्डला लावलं. तरी उरलं, म्हणून स्टीअरिंगला लावलं. आणि शेवटी ब्रेकच्या पेडलला!

फाट्याजवळ त्यानं ब्रेक दाबला, तर पाय सटकला. स्टीअरिंग हातात फिरेना, नुसतं निसटून राहिलं. जीप रस्ता सोडून सोयाबीनमध्ये घुसली. नशीब, शेत सपाट होतं आणि गाडी हळू होती. कुणाला खरचटलंही नाही.

गजानन तसाच आमच्याकडं आला. चावी त्यानं सलीमभाईंच्या हातात ठेवली. त्यांनी स्टीअरिंग पुसून काढलं, खाली बसून तिन्ही पेडल साबणानं धुतली, कोरडी केली, मग चप्पल काढून स्वतःच्या पायानं दाबून बघितली. चहा झाल्यावर मी विचारलं, "पॅसेंजर काय म्हणले रे?"

"काही न्हाई. एक म्हातारी पिशवी घेऊन उतरली. म्हणली, 'लेकरा, मला फाट्यावर सोड म्हणलं होतं. तू तर शेतात आणलंस!'"

*

नवी बाटली आधी गाडीच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडी लावून बघायची, रंग उतरत नसेल तरच पुढं जायचं, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. ऐकतं कोण? एका बँकेतल्या मॅडमनी ऐकलं. आमच्याकडून शाम्पू आणि सीटचं क्लीनर घेऊन गेल्या आणि आठवड्यानं हसत आल्या.

"छान आहे हो! कुठं डाग नाही, काही नाही. आता माझ्या गाडीला लावते."

"मग आधी कोणत्या गाडीला लावलं?"

"मिस्टरांच्या!"

*

हट्टा गावचे बाबाराव. त्यांच्या पांढऱ्या गाडीला आम्ही वॅक्स लावून दिलं होतं. पुढच्या खेपेला आले, तर ड्रायव्हरकडचा दरवाजा पार फिका, आडव्या पट्ट्या पट्ट्या.

"बाबाराव, गाडीला काय लावलं?"

"जीभ."

गाडी गोठ्याच्या कडेला उभी राहायची आणि शेजारी बांधलेली म्हैस ती दिवसभर चाटायची. आम्हाला हसू आवरेना. पण बाबाराव हसले नाहीत.

"तुमी ते लावलं होतं, ते म्हशीला चालतंय का? गाडीचं जाऊ द्या. म्हैस गाभण हाय."

काचेला चालतं का, रबराला चालतं का, लेदरला चालतं का, सगळं विचारून झालंय लोकांचं. हे पहिल्यांदाच! सलीमभाईंनी बाटली चष्म्याजवळ धरून वाचली. 'जनावरांपासून दूर ठेवा.' बाबाराव बाकावर बसले ते बसलेच. घरात लेकरागत वाढवलेली म्हैस.

सलीमभाईंनी ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टरनी विचारलं, वैरण खाते का, रवंथ करते का? दोन्ही व्हय. मग म्हणाले, घाबरू नका, पण गाडी लांब करा. तिला क्षार कमी पडत असतील, चाटायला मिठाची वीट बांधा. आम्ही गाडीवरचं वॅक्स सगळं उतरवून दिलं.

थोड्या दिवसांनी बाबाराव मोटारसायकलवर आले.

"म्हैस कशी हाय?"

"तब्येतीनं चांगली. पण गाडी लिंबाखाली लावली तवापासून तिकडं तोंड करून रेकून राहिली. मिठाच्या विटेला तोंड लावीना." मग शेजारच्या गॅरेजकडं बघत म्हणाले, "सलीमभाई, भंगारात एखादा दरवाजा असंल का? गोठ्यात टांगतो. नुसत्या पाण्यानं धुऊन द्या, दुसरं काही लावू नका."

सलीमभाई गॅरेजमधून एक दरवाजा उचलून घेऊन आले. पांढराच निघाला. बाबारावनी तो उलटासुलटा करून बघितला, वास घेतला आणि परत केला.

"हा डावीकडचा, क्लीनर साइडचा हाय. ड्रायव्हर साइडचा बघा. ह्याला ती तोंड लावणार न्हाई."