भोंगेवाल्या चाचांची सतरंजी

भोंगेवाले चाचा कुठल्याही पक्षाच्या सभेवर ती सुरू होण्याआधीच चिडलेले असत. पांढरकवड्यात लाउडस्पीकर आणि सतरंज्या भाड्यानं देणारे ते एकटेच, त्यामुळे झाडून सगळ्या विचारसरण्या त्यांच्याच भोंग्यातून गावाच्या कानी पडत. भाषण रंगात आलं की चाचा मशीनशेजारी बसून मोठ्यानं कुरकुरत.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली, भाव पडले, त्या वर्षांत सभांना नुसता ऊत आला होता. मी तिथल्या शाळेत मास्तर. चाचा मला म्हणत, "लाल झेंडेवाला म्हणते मालकी बदला. खादीवाला म्हणते मन बदला. तिसरा म्हणते बाजार मोकळा करा. मंग समाज आपोआप बदलते म्हणे! सतरंजी पाह्यली का, मास्तर?"

सतरंजी पुढं, तिच्यावर शेतमालक. मागं उघड्या मातीवर पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या कोलाम बाया, कापूस वेचणाऱ्या. ही मांडणी कोणी सांगावी लागत नसे, आणि झेंडा कुठलाही आला तरी ती हलत नसे. समतेचं व्याख्यान ऐकायला माणसाला मातीत बसवायचं, याची मला आजही चीड येते.

एकदा सगळ्या पक्षांनी मिळून कापूस परिषद भरवली. पोडावरच्या लाचीबाईला बोलायचं होतं. पीक बुडालं तर मालकाला भरपाई, मग वेचणारीनं काय खायचं? चाचांनी त्या दिवशी मुद्दाम सतरंजी मागं अंथरली, बायांसाठी. आयोजक धावत आले.

"चाचा, ही काय रीत झाली?"

"जुनीच रीत पाह्यजे ना तुमाले? मंग नव्या समाजाच्या गोष्टी कायले करून राह्यले?"

सतरंजी पुढं ओढली गेली. लाचीबाईला सांगितलं, वेळ नाही. चाचांनी तिथल्या तिथं वायर उपटली, भोंगा ठेल्यावर टाकला आणि चालते झाले. पुढं एकाही पक्षानं त्यांना बोलावलं नाही. एवढ्या एका मुद्द्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं! चाचा मग लग्नांत गाणी वाजवत राहिले.

ते गेले तेव्हा त्याच मंडळींनी शोकसभा घेतली, सतरंजी पुन्हा पुढंच. 'परिवर्तनाचे पाईक' वगैरे भाषणं झडली. मी मागं वळून पाहिलं, तर लाचीबाई मातीत बसून पदरानं डोळे पुसत होती. माझं डोकंच फिरलं. उठलो आणि माणसं बसलेली असतानाच सतरंजीचं टोक धरून ओढू लागलो.

"मास्तर, येड लागलं का तुमाले?" कोणीतरी ओरडलं.

मला एकट्याला ती हलेना. तेवढ्यात लाचीबाई उठून आली आणि तिनं दुसरं टोक धरलं.